रस्टिक फार्महाऊस डिनर सेट: नॅपकिन एक नंबर, चमकीचा बर्फ मात्र थेट प्लेटमध्ये

सरळच सांगते, हा अख्खा सेट घ्यायची गरज नाही. पण त्यातल्या दोन-तीन गोष्टी इतक्या छान निघाल्या की परत पाठवायला मन होईना, म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं, ज्यांच्या कार्टमध्ये तो पडून आहे त्यांना ठरवायला सोपं जाईल. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण असाच सेट वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, फोटोतलं टेबलसुद्धा बऱ्याचदा तेच असतं, कोपऱ्यातला लोगो तेवढा बदलतो. "रस्टिक फार्महाऊस विंटर डिनर सेट, आठ जणांसाठी" असं काहीतरी शोधलंत की येईलच समोर.

बॉक्समध्ये ज्यूटचा टेबल रनर (टेबलाच्या मधोमध घालायची लांब पट्टी) आहे, लिनन-कॉटनचे आठ नॅपकिन आणि ते बांधायला सुतळी, प्लेटखाली ठेवायच्या सालीसकट लाकडाच्या आठ चकत्या, नकली पाइनची लांब माळ, पाइनकोन्सची पिशवी, तीन एलईडी मेणबत्त्या, चार मेसन जार, एक पत्र्याचा कंदील आणि पाहुण्यांची नावं लिहायची खाकी कार्डं. ऐकायला भरगच्च. मांडल्यावर दिसलंही भारी, घरातले सगळे लगेच मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. पण त्या जाहिरातीच्या फोटोत एक गोष्ट नसते आणि ती म्हणजे जेवण. वाढायची मोठी भांडी, पाण्याचे ग्लास, सूपचे बोल, कोणाचा तरी चष्मा, मधूनच आडवा येणारा लहान मुलाचा हात, हे सगळं टेबलावर आलं की मग कळतं कुठली वस्तू टिकते आणि कुठली नुसती मध्येमध्ये करते. मी हा सेट सुट्टीतल्या मोठ्या जेवणाला वापरला, नंतर साध्या जेवणांनाही थोडाथोडा वापरतेय, त्यावरून लिहितेय.

सुरुवात नॅपकिनपासून करते कारण ते खरंच कमाल आहेत. लेबलवर ५५ टक्के लिनन, ४५ टक्के कॉटन लिहिलंय, माप १८ बाय १८ इंच, रंग मळकट पांढरा आणि कडेला एक निळी रेघ. ही रेघ उगाच नाही आलेली, युरोपात जुन्या काळी धान्याच्या हातविणीच्या पोत्यांवर अशा रंगीत रेघा असायच्या, कुठलं पोतं कोणाचं ते ओळखू यावं म्हणून, आणि आता ती रेघ दिसली की लोकांना लगेच फार्महाऊस आठवतं. बॉक्समधून काढल्यावर नॅपकिन कडक लागतात, खळ असते, तेव्हा न धुता थेट टेबलावर ठेवू नका. पहिल्या धुण्यात थोडे आटतात पण एकदम मऊ होतात, आणि लिननचं असं आहे की जितकं धुवाल तितकं ते छान होत जातं. हा धागा अळशीच्या झाडाच्या खोडातून निघतो, ओला झाला की कमजोर पडत नाही उलट जास्त मजबूत होतो, त्यामुळे मशीनमध्ये घालायला काही भीती नाही. फक्त सॉफ्टनर टाकू नका, त्याचा थर बसतो आणि मग नॅपकिन पाणी टिपायचंच बंद करतो. इस्त्रीचं म्हणाल तर मी करत नाही. किंचित ओलसर असतानाच हाताने ताणून घडी घालून ठेवायचे, राहिलेल्या चुण्या या स्टाईलला शोभतातच. कॉटन मिसळलेलं असल्यामुळे शुद्ध लिननइतके चुरगळतही नाहीत.

सुतळीचं प्रकरण मात्र गमतीशीर झालं. पॅकवर दाखवल्याप्रमाणे नॅपकिनला सुतळीची छान घट्ट गाठ मारली, त्यात रोझमेरीची काडी खोचली, आणि जेवायला बसल्यावर निम्म्या लोकांना ती गाठ सुटेचना. काका म्हणाले, "अगं जेवायच्या आधी परीक्षा आहे का ही?" आणि सरळ सुरी घेऊन कापली त्यांनी. तेव्हा गाठ मारूच नका, सुतळीचे दोन वेढे द्या आणि टोक आत सरकवा, दिसायला तेच दिसतं आणि ओढलं की सुटतं.

आता रनर. इथे माझं मत थोडं दोन्हीकडचं आहे. ज्यूट खरंच आहे, जाड विणीचं, दोन्ही टोकांना झालर, रंग सुंदर. पण पाकीट उघडलं आणि जो वास आला ना, रॉकेलसारखा! हा वास खराब मालाचा नसतो, ज्यूटचे धागे कातायला सोपे जावेत म्हणून त्यावर पूर्वापार खनिज तेल मारतात, त्याचा तो वास. अन्नधान्याच्या पोत्यांसाठी वेगळं वनस्पती तेल वापरलेलं ज्यूट मिळतं, पण सजावटीच्या मालात तेवढं कोण बघतंय. उपाय एकच, वाऱ्यावर टाकायचा. वास जायला बरेच दिवस लागतात, त्यामुळे जेवणाच्या आदल्या दिवशी पार्सल येईल अशा हिशोबाने मागवूच नका. धुवायचा तर विचारही नको, ज्यूट ओलं झालं की कमजोर होतं, वाकडंतिकडं आटतं आणि डाग आणखी पसरतो. घड्या घालवायच्या असतील तर पाण्याचा हलका फवारा, वर पातळ कापड आणि मग इस्त्री. आणि पहिल्यांदा टेबलावर घालायच्या आधी बाहेर नेऊन जोरात झटका, नाहीतर ते सोनेरी तुसं बोलमध्ये तरंगताना दिसतील.

मापाचं आता नीट वाचा कारण हे विकणारा सांगत नाही. रनर ७२ बाय १४ इंच आहे. माझं टेबल ३६ इंच रुंद. मध्ये १४ इंच रनर गेला की दोन्ही बाजूंना राहतात ११-११ इंच. आणि सेटमधल्या लाकडी चकत्या आहेत साधारण १२ इंचाच्या! म्हणजे प्रत्येक चकती रनरवर चढणार, आणि ज्यूटच्या जाड कडेवर चढली की तिरकी होणार, आणि तिच्यावरची सूपची प्लेट पण तिरकी. एकाच बॉक्समध्ये येणाऱ्या दोन वस्तू एकमेकींना बसत नाहीत, मग हा सेट कसला? टेबल ४० इंचाच्या वर रुंद असेल तर प्रश्न येणार नाही. नाहीतर दोनपैकी एकच वापरा, किंवा रनर लांबीला न घालता रुंदीला आडवा घाला, समोरासमोरच्या दोन माणसांमध्ये एक पट्टी, पण मग असे दोन-तीन रनर लागतात आणि सेटमध्ये तर एकच आहे.

लांबीबद्दल पण लोक गोंधळतात. नियम म्हणून सांगतात की रनर दोन्ही टोकांना निदान सहा इंच खाली लोंबला पाहिजे, म्हणजे ७२ इंची टेबलाला ८४ इंचाचा रनर. ते दिसायला ठीक आहे. पण एका माणसाला आरामात जेवायला साधारण २४ इंच लागतात, म्हणजे ७२ इंची टेबलाला बाजूला तीन-तीन आणि टोकाला एक-एक बसले तरच आठ होतात, आणि टोकाला माणूस बसणार असेल तर लोंबणारी झालर त्याच्या मांडीवरच येणार. तेव्हा आठ जण बसवायचे असतील तर आखूड रनरच बरा, इथे मी कंपनीच्या बाजूने आहे.

लाकडी चकत्यांचा राग अजून गेला नाही. फोटोत त्या इतक्या देखण्या दिसतात, साल, वर्षांची वर्तुळं, सगळं. प्रत्यक्षात लाकूड पॉलोनियाचं आहे असं बारीक अक्षरात लिहिलंय, हे झाड झपाट्याने वाढतं आणि त्याचं लाकूड अतिशय हलकं असतं, नखाने दाबलं तरी खूण उमटते. गरम भांडं, सुरी, काही चालत नाही. साल तर हात लावला की गळते, प्रत्येकवेळी उचलल्यावर टेबलावर काळा चुरा. आणि महिनाभरात त्यातल्या काहींना सालीपासून मधोमध अशी चीर गेली. हे व्हायचंच होतं म्हणा, कारण खोडाची आडवी चकती सुकताना परिघाच्या दिशेने जवळपास दुप्पट आकसते आणि मध्याच्या दिशेने त्या मानाने कमी, मग तो ताण कुठेतरी फाटून बाहेर पडतोच. नीट सुकवलेल्या लाकडात कमी होतं, घाईत सुकवलेल्यात जास्त. वरचं पॉलिश अन्नाला चालतं की नाही याचा बॉक्सवर उल्लेखच नाही, तेव्हा त्यावर ब्रेड किंवा चीज थेट ठेवू नका, प्लेट मध्ये हवीच. मी आता सगळ्या चकत्या एकत्र न वापरता दोनच काढते, मेणबत्त्यांच्या खाली ठेवायला, तिथे त्या खरंच छान दिसतात आणि जड काही त्यांच्यावर येत नाही.

याऐवजी प्लेटखाली काय ठेवायचं असं कोणी विचारेल, तर माझं उत्तर काहीच नको. टेबल लाकडाचं असेल तर ते दिसू द्या की. पांढऱ्या इनॅमलच्या, निळ्या काठाच्या प्लेट्स मिळाल्या तर त्यांना खाली आधार लागतच नाही. इनॅमल म्हणजे पोलादावर काचेचा थर भाजून बसवलेला असतो, साधारण ८०० अंशाच्या आसपास तापवून, त्यामुळे आंबट-तिखट कशानेही त्याला काही होत नाही, फक्त आपटलं की टवका उडतो आणि आतलं पोलाद उघडं पडलं की गंज धरतो. किनारीला एखादा टवका असलेली इनॅमलची प्लेट ही स्वतःच फार्महाऊस दिसते, पण टवका जेवणाच्या बाजूला असेल तर त्यात जेवण नको.

आणि आता माळ आणि पाइनकोन्स. देवा रे. माळ सहा फुटांची आहे, वर्णनात लिहिलंय "रिअल टच". नकली पाइनमध्ये दोन प्रकार असतात, एक पीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या सपाट पट्ट्या कापून तारेत पिळलेल्या, आणि दुसरी पीई म्हणजे पॉलिएथिलीनची, साच्यात ओतून केलेली, तिची सुईसारखी पानं खरी वाटतात. या माळेत वरवर दिसणारी थोडी टोकं पीईची आहेत आणि आत सगळी भरती पीव्हीसीची. लांबून कळत नाही, पण जेवणाचं टेबल लांबून कोण बघतंय, माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर दोन तास बसलेला असतो. बरं, हेही चाललं असतं. पण तिच्यावर जो "बर्फ" मारलाय, पांढरी पावडर आणि वर चमकी, तो झडतो. पाइनकोन्सवर पण तोच. मी माळ टेबलावर ठेवून दोनदा इकडची तिकडे केली आणि ग्लासांत, बटरवर, मुलांच्या गालावर, सगळीकडे चमकी. भाची म्हणाली, "मावशी, बटर चमकतंय." ही चमकी पोटात जायची वस्तू नाही, खायची चमकी वेगळी असते. जेवणाच्या टेबलावर ठेवायच्या वस्तूला चमकी मारायची हे ज्याने ठरवलं त्याने त्या टेबलावर बसून एकदा तरी जेवावं. माळ आता दाराच्या चौकटीवर लावलीय, तिथे बरी दिसते.

पाइनकोन्स आतून खरे आहेत, प्लास्टिकचे नाहीत, चमकी घासून काढली तर वापरता येतात. पाण्यात टाकले तर मिटतात, घाबरू नका, वाळले की परत उमलतात, पाइनकोनचे खवले दमट हवेत बंद होतात आणि कोरड्यात उघडतात. तुम्ही स्वतः झाडाखालचे वेचून आणणार असाल तर ते आणखी चांगलं, फक्त आधी ओव्हनमध्ये ९० ते ९५ अंशावर अर्धा तास ठेवा, आतले किडे मरतात आणि चिकट राळ वितळून वर पातळ चकाकी येते. जवळ बसून लक्ष ठेवा एवढंच, राळ पेटणारी असते. आणि खरी हिरवी पानं वापरायची असतील तर रोझमेरी, तेजपत्ता, ऑलिव्हच्या डहाळ्या अशी स्वयंपाकात चालणारी झाडं बरी. होली आणि मिसलटो या नाताळच्या सजावटीतल्या झाडांची फळं विषारी असतात, यू नावाच्या झाडाचं तर जवळजवळ सगळंच विषारी, आणि लाल लाल फळ प्लेटच्या शेजारी दिसलं की लहान मूल ते तोंडात घालणारच.

एलईडी मेणबत्त्या ही या सेटमधली दुसरी चांगली वस्तू. बाहेरून खऱ्या मेणाचा थर आहे, ज्योत हलते, आणि टायमर आहे, सहा तास चालू अठरा तास बंद, एकदा संध्याकाळी लावली की रोज त्याच वेळी आपोआप लागते. मुख्य म्हणजे उजेडाचा रंग बरोबर आहे, बॉक्सवर २२०० केल्व्हिन लिहिलंय (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर). खऱ्या मेणबत्तीचा उजेड १९०० च्या आसपास असतो आणि नेहमीचा वॉर्म बल्ब २७०० चा, त्यामुळे २२०० म्हटलं की बऱ्यापैकी ज्योतीच्या जवळ गेलं. स्वस्तातल्या एलईडीत तो जो पिवळा-हिरवट रंग येतो ज्यात सगळ्यांची तोंडं आजारी दिसतात, तसं इथे होत नाही. टेबलावर सुकी पानं, ज्यूट, कागद, सुतळी असा सगळा पेटणारा माल असताना मी तरी खरी ज्योत लावणार नाही. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या नोंदींमध्ये मेणबत्तीमुळे घराला लागणाऱ्या आगी सगळ्यात जास्त डिसेंबरातच असतात, कारण उघड आहे. खरीच हवी असेल तर पेटण्याजोग्या कुठल्याही वस्तूपासून निदान फूटभर लांब, आणि बिनवासाची, कारण व्हॅनिला-दालचिनीच्या मेणबत्तीशेजारी कुठल्याच पदार्थाला स्वतःचा वास राहत नाही.

उंचीचं एक बघा, तीनपैकी सगळ्यात मोठी मेणबत्ती नऊ इंचाची आहे, समोरच्याचं तोंड दिसतं. टेबलाच्या मधली सजावट साधारण १२ इंचाच्या वर गेली की लोक मान वाकडी करून बोलायला लागतात.

कंदील नेमका त्यातच मार खातो. पंधरा इंच उंच, पत्रा पातळ, आणि गंज चढल्यासारखा दिसावा म्हणून तपकिरी रंगाचे ठिपके मारलेत, सगळ्या बाजूंना अगदी एकाच जागी एकसारखे ठिपके. मला तर हसूच आलं. खरा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरून वापरून आपोआप राखाडी-पांढरट पडतो, त्याला असले ठिपके काढावे लागत नाहीत. इथेच मला या अख्ख्या सेटचं गणित कळलं, जी वस्तू वापरायला केलीय ती चांगली आहे आणि जी "जुनी वापरलेली दिसावी" म्हणून केलीय ती पडलीय. शेतघरातलं टेबल जे छान दिसायचं ते सजवल्यामुळे नाही, जाड फळ्यांचं टेबल, पोत्याचं कापड, इनॅमलची भांडी, बरण्या, सगळं रोजच्या कामाचं होतं. कामाचंच ठेवलं की निम्मा लूक आलाच. जाता जाता, जस्ताच्या मुलाम्याची छोटी बादली किंवा ट्रे कोणी ब्रेड ठेवायला वापरत असेल तर आत कापड घाला, आणि लिंबू-टोमॅटोसारखं आंबट काही थेट ठेवू नका, आम्लाने जस्त सुटतं.

मेसन जार ठीक आहेत, फार काही बोलण्यासारखं नाही. मूळ जार जॉन लँडिस मेसन याने १८५८ मध्ये पेटंट घेतलेला, गळ्याला आटे आणि वर फिरकीचं झाकण, घरी फळं-भाज्या टिकवून ठेवायला. सेटमधले जार दिसायला तसे आहेत पण काच पातळ आहे आणि झाकणाला सील करणारं रबर नाही, त्यामुळे शोभेपुरतेच, त्यात कढत सूप ओतू नका. झाकणात बारीक दिव्यांची तार आहे, ती बटन सेलवर चालते, सीआर २०३२. घरात लहान मूल असेल तर सेलच्या कप्प्याला स्क्रू आहे का ते आधी बघा. माझ्या चारपैकी एकाचा स्क्रूच नव्हता, तो मी बाजूला काढला. हा सेल गिळला गेला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खाकी कार्डं छान, पेन्सिलने लिहा, शाई फुटते.

पॅकिंग चांगलं होतं, काही फुटलं नाही. स्क्रू नसलेल्या जारबद्दल कस्टमर केअरला फोटो पाठवला, त्यांनी "गैरसोयीबद्दल क्षमस्व" पाठवलं आणि पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली, झाकण काही पाठवलं नाही. हे मला पटलं नाही आणि एक स्टार त्याचाच कापलाय.

तर पाचपैकी तीन. नॅपकिन आणि मेणबत्त्या त्याच विकणाऱ्याकडे सुट्याही मिळतात, नॅपकिन बाराच्या पॅकमध्ये आहेत, तेच घ्या म्हणजे पाहुणे वाढले तरी अडत नाही. रनर हवा असेल तर आधी स्वतःच्या टेबलाची रुंदी मोजा, त्यातून दोन प्लेट्सची जागा वजा करा, उरेल तेवढ्याच रुंदीचा बघा. माझ्या टेबलाला दहा इंची पुरला असता.